हिरव्या ठिपक्यातला आवाज

“जेवली का?”

अगदी कानामागून आवाज आला… आणि माझ्या हातातला डबा मेट्रोच्या फरशीवर आपटून उघडला. पोळ्या दाराशी, भेंडीची भाजी एका काकांच्या चपलेवर.

मे महिन्यातली दुपार होती. क्लिनिकमध्ये पेशंट संपता संपले नव्हते, म्हणून डबा न उघडताच घरी परत चालला होता. आणि हा आवाज… हा आवाज मी आदल्याच संध्याकाळी थिएटरमध्ये ऐकला होता. रात्रभर तो माझ्या उशीखाली होता. सिनेमात तो ‘जेवलीस का’ म्हणायचा, इथं ‘जेवली का’ म्हणाला, एवढाच काय तो फरक.

मी वळले. मागे एक उंच, सडपातळ माणूस उभा. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, उन्हासाठी तोंडाला पांढरा दुपट्टा घट्ट गुंडाळलेला, कानाला फोन. दिसत होते ते फक्त डोळे.

“आई, थांब जरा,” तो फोनमध्ये म्हणाला. “इथं एका मॅडमचा डबा सांडला.” आणि खाली बसून पोळ्या गोळा करायला लागला.

“तुम्ही… ‘हिरवा ठिपका’मधले तुम्हीच ना?”

दुपट्ट्यावरचे डोळे हसले. “ओळखलं बाप्पा कोणी तरी! पण मॅडम, तोंड तर बांधलेलं आहे माझं. ओळखलं कसं?”

“आवाजावरून.”

“अन् डबा काहून फेकला? मी काही हॅक नाही केलं तुमचं. मले माझा स्वतःचा पासवर्ड आठवत नाही.”

शेजारचे काका चपलेवरची भेंडी झटकत आमच्याकडे बघत होते. मला हसू येत होतं.

‘हिरवा ठिपका’ आपल्या नागपुरातल्याच नाटकवाल्या मुलांनी केलेला सिनेमा. एक माणूस एका मुलीच्या फोनमध्ये शिरतो, मग लॅपटॉपमध्ये, मग टीव्हीत. तो बघत असला की फोनच्या कोपऱ्यात एक बारीक हिरवा ठिपका पेटतो. त्यात सुरा नाही, रक्त नाही, कोणी कोणाच्या मागे धावत नाही. साधा दोन खोल्यांचा फ्लॅट, कुकरची शिट्टी, धुणं वाळत घातलेलं… आणि मधेच, कुठल्याही यंत्रातून, मऊ आवाजात एकच प्रश्न. जेवलीस का? आपल्या घरात दिवसातून दहा वेळा विचारला जाणारा प्रश्न त्या लोकांनी असा काही वापरला होता, की शेवटी थिएटरातल्या एका बाईंनी नवऱ्याचा फोन आल्यावर तो सरळ कापला.

“कसा वाटला सिनेमा?” त्यानं विचारलं.

“माहीत नाही. अर्धा वेळ माझे डोळे मिटलेले होते.”

“अन् उरलेला अर्धा?”

“मैत्रिणीच्या ओढणीत डोकं होतं.”

“म्हणजे मी दोन महिने आरशापुढं डोळे वटारून राहिलो, ते तुम्ही पाहिलंच नाही!”

“पण ऐकलं सगळं.” कसं कोण जाणे, मी बोलत सुटले. “मी धंतोलीत एका क्लिनिकमध्ये लोकांचे कान तपासते. ऐकणं हेच काम आहे माझं. तुम्ही तो प्रश्न विचारण्याआधी श्वास घेत नाही. कोणीही माणूस बोलण्याआधी श्वास घेतो… बारीकसा. कळत नाही, पण ऐकणाऱ्याला आत कुठेतरी समजतं की समोर माणूस आहे. तुमचा आवाज एकदम येतो. मागे कोणीच नसल्यासारखा. फार वाईट केलंय तुम्ही… म्हणजे, फार सुंदर केलंय.”

त्यानं वर बघितलं. पोळीचा तुकडा हातात तसाच.

“हे आमच्या डायरेक्टरले बी समजलं नव्हतं,” तो हळूच म्हणाला. “मी मुद्दाम केलं होतं ते. कोणालेच सांगितलं नव्हतं.”

तेवढ्यात फोनमधून खणखणीत आवाज आला, “गोलू! अरे गोलू, कोणाशी बोलून राहिला रे?”

“गोलू?” मी विचारलं.

डोळे खाली गेले. “घरचं नाव आहे ते. पडद्यावर विहंग.”

ज्या माणसाच्या धाकानं मी रात्री फोन कपाटात, साड्यांच्या खाली ठेवला होता, तो गोलू निघाला. मी हसले. मोकळी, मोठ्यानं… कितीतरी दिवसांनी. सुभाष नगर आलं. मी उतरले, आणि दार मिटता मिटता तो ओरडला, “मॅडम, घरी जाऊन जेवा मात्र!”

या वेळी भीती वाटली नाही. घरी जाऊन मी दोन वेळा वाढून घेतलं.

*

दुसऱ्या दिवशी मी त्याच गाडीला, त्याच डब्यात चढले. योगायोगानं. तिसऱ्या दिवशीही योगायोगानंच.

गाडीतल्या थंड हवेत तो दुपट्टा सोडायचा. सिनेमात मी तो चेहरा धड पाहिलाच नव्हता. सावळा, गालावर लहानपणीच्या पडण्याची एक खूण, आणि ऐकताना मान किंचित तिरपी करायची सवय. हिंगण्याच्या एका कारखान्यात तो दुसऱ्या पाळीला कूलरचे पंखे तपासायचा. सकाळी तालमी, दुपारी पंखे.

“तुमच्या घरी कूलर आहे न?” एकदा तो म्हणाला.

“नागपुरात कोणाकडे नाही?”

“मग त्यात माझ्याच हातचा पंखा असेल. सगळी रात मी तुम्हाले वारा घालतो, अन् तुम्ही मले गोलू म्हणून हसता.”

“मी कुठे हसले?”

“आता हसून राहिल्या ना!”

मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर उन्हानं पांढरी झालेली गच्ची, गच्चीवर पापड… आणि काचेत त्याचं हसणं.

मी त्याला विचारलं होतं, ‘जेवलीस का’चा तो सूर सापडला कुठे? तो जरा वेळ बोटांनी दांड्यावर ताल धरत राहिला. “आईचा आहे तो,” म्हणाला. “भिवापूरजवळ गाव आहे आमचं. माझी आई, वंदनाबाई, मिरच्या तोडायच्या दिवसात बी रोज फोन करून विचारते, जेवला का. मी तिचाच सूर घेतला. फक्त त्यातली माया काढून टाकली. मग जे उरलं न, ते ऐकून मलेच भेव वाटलं.”

असं बोलणारा माणूस समोर असला की काय करायचं असतं? मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसले.

गौरांगबद्दल मी त्याला सांगितलं, तेही असंच मधल्या एका स्टेशनावर. माझं लग्न ठरलं होतं. साखरपुड्यात गौरांगनं मला नवा फोन दिला होता, गुलाबी कागदात बांधून. मग त्याला सगळंच कळायला लागलं… मी कोणाशी बोलले, कुठल्या दुकानात किती वेळ थांबले, मैत्रिणीला त्याच्याबद्दल काय लिहिलं. मी म्हणायचे, किती ओळखतो हा मला! त्यानं फोन देण्याआधीच त्यात स्वतःची वाट करून ठेवली होती, हे कळायला फार दिवस लागले. लग्न मोडलं. तेव्हापासून माझ्या फोनच्या कॅमेऱ्यावर एक लाल टिकली चिकटवलेली असते, आणि तो फोन मी कोणाच्याच हातात देत नाही. कोणाच्याच.

विहंगनं मान तिरपी करून सगळं ऐकलं. “त्यानं विचारलं असतं तर सांगितलं असतं ना तुम्ही?”

“सगळं.”

“मग चोरलं काहून?” तो म्हणाला. मला नाही, खिडकीला विचारल्यासारखं.

त्या दिवसानंतर कधीतरी ‘तुम्ही’ गळून पडलं. कोणाकडून आधी, ते आजही आमचं ठरलेलं नाही.

*

आणि मग घरात ते सुरू झालं.

विहंग एकदा म्हणाला होता की त्याला सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, फार आवडते, आईच्या हातची. रात्री मी अंथरुणात पडून ती कशी करतात ते फोनवर बघितलं. कोणाला एक शब्द बोलले नाही. दुसऱ्या दिवशी आईनं ताटात सांबारवडी वाढली.

मी एक निळा कुर्ता फोनवर नुसता बघितला, घेतला नाही. इतवारीहून रोज दुपारी आमच्या कूलरपुढे बसायला येणारी यमुआत्या म्हणाली, “चिनू, निळा रंग तुले खुलून दिसेल वं.”

मग बाबा. माझे बाबा, कृष्णकांत, बँकेतून निवृत्त झालेले, चहात बिस्कीट बुडवता बुडवता म्हणाले, “शनिवारी ते नाटक आहे म्हणे, गर्दी होईल. गाडी नको नेऊ.”

मी नाटकाचं नावही घरात काढलं नव्हतं.

फोन बदलला, पासवर्ड नवा केला, विसरायला नको म्हणून आईला सांगून ठेवला, टिकलीवर टिकली लावली… तरी कोणीतरी माझ्यातून बघत होतं. गौरांग परत आला असेल तर? आणि त्याला विहंग दिसला असेल तर? मी दोन दिवस दुपारची मेट्रो सोडली. रिक्षानं, उन्हात भाजत घरी आले. विहंगचा फोन वाजायचा आणि मी त्याच्याकडे बघत बसायचे. तो उचलणं म्हणजे त्या कोणा तिसऱ्यालाही आमच्या मध्ये घेणं, असं वाटायचं. सगळं बंद करून टाकावं… फोन, मेट्रो, हे नुकतं कुठे उगवलेलं सगळंच.

तिसऱ्या दिवशी उन्हाला कंटाळून पुन्हा मेट्रोकडे वळले, तर तो सीताबर्डी स्टेशनच्या जिन्यावर उभा होता.

“माझी कुठली ॲक्टिंग खराब झाली?” त्यानं विचारलं.

मी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, “तू ये घरी. बघ कुठून येतंय ते. माझ्या ओळखीचा एकच हॅकर आहे.”

“मी?” तो जिन्यावर मटकन बसला. “अवं, सिनेमात मी जे फटाफट टाइप करत होतो न, ते काय होतं माहीत आहे? ‘वांगे अर्धा किलो, टमाटे पाव किलो.’ मले काही समजत नाही त्यातलं!”

“तरी ये.”

माझ्या आवाजात त्याला काय ऐकू आलं कोण जाणे. तो उठला, पँट झटकली. “येतो,” म्हणाला.

*

रविवारी तो आला. इस्त्रीचा शर्ट, हातात आईनं पाठवलेल्या वाळल्या मिरच्यांची पिशवी. मी घरच्यांना सांगितलं होतं की क्लिनिकच्या ओळखीतले आहेत, फोनचं बघायला येणार आहेत.

तो उंबऱ्यातून आत येतो न येतो, तोच कूलरपुढच्या खुर्चीतून यमुआत्या उठून उभी राहिली.

“अगंबाई! हा तर आपला टीव्हीतला पोरगा!”

“कोण टीव्हीतला?” मी विचारलं.

“अवं हाच! रोज दुपारी येते हा आमच्याकडे. टीव्ही लावला की हाच. याची नाटकं, याची मुलाखत, त्या कुठल्या कॉलेजात बक्षीस घेतलं ते. मले वाटलं केबलवाल्याचा भाचा-बिचा आहे!” आत्या त्याच्या अगदी जवळ जाऊन चष्मा सावरत होती. “त्या म्हाताऱ्याच्या कामात किती रडवलं रे तू आम्हाले! वहिनीनं तर पोळी करपवली त्या दिवशी.”

आई पदरानं तोंड झाकून हसत होती. “टीव्हीवर सांबारवडी पण छान दाखवतात हो आजकाल. आपल्याला हवं तेच नेमकं समोर येतं.”

आणि आत्यानं टीव्ही लावला.

पडदा उजळला. एकाशेजारी एक चौकोन… प्रत्येकात विहंग. मिशी लावलेला, म्हातारा झालेला, हसणारा, हार घातलेला. खाली निळे कुर्ते. त्याच्या खाली कोथिंबिरीच्या हिरव्या वड्या.

मी रिमोटकडे हात नेला, पण आत्यानं तो विहंगच्या हातात दिला होता.

विहंग पडद्याकडे बघत होता. मग त्याची मान तिरपी झाली. “काका,” तो म्हणाला, “तो वर कोपऱ्यात गोल फोटो कोणाचा आहे?”

बाबांनी डोळे बारीक केले. “चिनूचा. का?”

“काहून पण? टीव्ही तर तुम्ही पाहता ना?”

“दिवाळीत टीव्ही घेतला तेव्हा त्यानं खातं विचारलं. म्हटलं आपल्या घरात काय वेगवेगळं आहे? चिनूचंच टाकलं. पासवर्ड काय, स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिलेलाच आहे, दुधाच्या खाड्यांच्या बाजूला. बदलला की आई नवा लिहिते.”

एवढंच होतं ते. तिसरा कोणी नव्हता. माझा प्रत्येक शोध, अंथरुणात पडून बघितलेली प्रत्येक गोष्ट, दुसऱ्या दिवशी दुपारी हॉलमध्ये येऊन बसत होती, आणि माझी माणसं भाबडेपणानं समजत होती की टीव्हीला त्यांचं मन कळतं.

पण मला हसू आलं नाही. कारण रिमोट विहंगच्या हातात होता.

त्याला कळलं होतं. मला दिसलं ते, त्याच्या कानांच्या पाळ्या लाल होताना. हे सगळे विहंग माझ्या फोनमधून आले होते. आणि त्या गोल फोटोवर एकदा दाबलं असतं, तर मी काय काय शोधलं, कुठल्या शब्दांत शोधलं, ते सगळं उलगडलं असतं. अंगठ्याचं एक दाबणं. गौरांग असाच बसला होता एकदा, माझा फोन हातात घेऊन, मान खाली घालून…

विहंगनं टीव्ही बंद केला.

रिमोट टीपॉयवर पालथा ठेवला, त्यावर मिरच्यांची पिशवी ठेवली, आणि दोन्ही हात मागे बांधून उभा राहिला.

“टीव्ही चांगला आहे काका. फक्त चिन्मयीच्या नावानं चालून राहिला. तिचं खातं काढा, तुमचं टाका. पण काढू तिलेच द्या. तिचं आहे ते.”

बाबांच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू उतरत गेलं. गौरांगच्या वेळी याच माणसानं लग्नाच्या हॉलची आगाऊ भरलेली रक्कम सोडून दिली होती आणि मला एक शब्द विचारला नव्हता.

“चिनू,” ते म्हणाले, “म्हणजे इतके दिवस आम्हीपण… तुझ्यात डोकावून राहिलो होतो का गं?”

“तुम्हाला माहीत नव्हतं बाबा.”

ते स्वयंपाकघरात गेले. कात्रीचा आवाज आला. परत आले तेव्हा हातात कॅलेंडरचा कापलेला कोपरा होता. तो त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी बोटं त्यावर मिटवली.

“अवो दादा,” यमुआत्या हळूच म्हणाली, “पण आता दुपारी हा पोरगा दिसणार नाही का मग?”

*

मी कूलरला पाणी भरायच्या निमित्तानं मागच्या अंगणात गेले. तो पाइप धरायच्या निमित्तानं आला. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी पडलं आणि तो ओला, गार वास सुटला. बारीक तुषार उडत होते… माझ्या हातावर, त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर.

“तू बघितलंस,” मी म्हणाले.

“वरचीच रांग. माझंच थोबाड होतं सगळीकडं, न बघून जाऊ कुठं?”

“आणि पुढचं?”

“नाही.”

“काहून?” मी त्याचाच शब्द वापरला.

“तू दाखवलं नव्हतं.” तो पाइपकडे बघत होता. “मले वाटलं तर खूप होतं. खोटं काहून बोलू? अंगठा शिवशिवून राहिला होता. सिनेमात मी शंभर वेळा पाहिलं त्या पोरीच्या फोनमध्ये, काहीच नाही वाटलं. आज एवढ्याशा गोल फोटोची भीती वाटली.”

पाणी टाकीच्या काठाशी आलं होतं. मी नळ बंद केला. ओढणीला हात पुसले. मग फोन काढला, उघडला, आणि त्याच्यापुढे धरला. उघडा फोन, दुसऱ्याच्या हातात… मला स्वतःचंच आश्चर्य वाटत होतं.

“बघ.”

त्यानं हात आणखी मागे घेतले. “नको. वाचून दाखव तू. तुझ्या आवाजात.”

“सगळं?”

“तुले जेवढं वाटेल तेवढं.”

मी वाचायला लागले. “‘हिरवा ठिपका खलनायक कोण’… ‘विहंग नाटक नागपूर’… ‘विहंग मुलाखत’… ‘विहंग मुलाखत पूर्ण’… ‘सांबारवडी घरी कशी करतात’… ‘सांबारवडी का फुटते’…”

“फुटली?”

“करून तरी कुठे बघितली! आईनंच केली.” मी पुढे सरकले. आणि थांबले.

“पुढं?”

“पुढे… काही नाही.”

“बरं.” तो लगेच म्हणाला. “मग काही नाही.”

त्यानं ते इतकं सहज सोडून दिलं की मला वाचावंच लागलं. “‘विहंग… लग्न झालंय का.’”

भिंतीवर चिमण्या होत्या. त्यांचा केवढा गोंगाट!

“नाही झालं,” विहंग म्हणाला. “काय सांगितलं त्यानं, इंटरनेटनं?”

“त्याला माहीत नव्हतं.”

“गोलू नावानं शोधायचं होतं न वं!”

मी ओंजळभर पाणी त्याच्या अंगावर उडवलं. तो हसत मागे सरकला, ताट्यांना पाठ लागली, शर्ट भिजला… आणि मग हसणं हळूहळू निवलं. तो माझ्याकडे बघत होता. सरळ, समोरून.

“मी काही शोधलं नाही तुझ्याबद्दल,” तो म्हणाला. “मले येतच नाही. मी रोज दोनच्या गाडीची वाट पाहत होतो, बस. मधले दोन दिवस तू आली नाही, तर लोकमान्य नगरपर्यंत जाऊन परत सीताबर्डीले आलो. दोन्ही दिवस पाळीले उशीर. सुपरवायझरनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, एक पंखा बंद पडला.”

डोळे भरून आले, ते तुषारांवर ढकलले.

आतून आईनं हाक मारली, पानं घेतली म्हणून. यमुआत्या कोणाला तरी फोनवर सांगत होती की टीव्हीतला पोरगा प्रत्यक्षात बारीक आहे.

मी आत जायला वळले. दोन पावलं गेले असेन.

मागून आवाज आला. अगदी कानामागून… त्या पहिल्या दिवशी आला होता तसाच. पण या वेळी शब्दांच्या आधी मला काहीतरी ऐकू आलं. बारीकसा, भिजलेला, मधेच अडखळलेला एक श्वास.

“जेवलीस का?”

मी मागे वळले नाही. हात तेवढा मागे केला, उघडा, त्याच्यासाठी.

“नाही,” मी म्हणाले. “तुझ्यासाठीच थांबलेय.”